पाणी तापवायची चूल

"दिसायला अगदी खरीखुरी हवी हं, कस्तुराबाई. वापरायची नाहीये," बंगल्याच्या बाई म्हणाल्या, आणि कोपरापर्यंत चिखलात गेलेले कस्तुराबाईचे हात तिथल्या तिथं थांबले.

बाई वाईट नव्हत्या. मुंबईच्या होत्या, इतकंच. शनिवारी लोणावळ्याला यायच्या, रविवारी परत जायच्या, माळ्याकडे त्याच्या बायकोची चौकशी करायच्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे पाहुणे येणार होते आणि बागेत पेरूच्या झाडाखाली एक खेडेगावची चूल असावी असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. चुलीवर पितळी हंडा, हंड्यात झेंडूची फुलं. स्वयंपाक आत, गॅसवर. कस्तुराबाई बाजारातल्या चिक्कीच्या भट्टीवर गुळाचा पाक घोटायला होती. तिथल्या शेठनंच बाईंना सांगितलं होतं की आमच्याकडे एक बाई आहे, तिच्या हातची चूल धुरत नाही. आता ज्या चुलीत जाळच व्हायचा नाही ती धुरली काय न धुरली काय, पण हे शेठलाही सुचलं नाही आणि बाईंनाही. कस्तुराबाई खुशीत आली होती. तीन वर्षांत तिनं माती मळली नव्हती. बोटांना माती लागल्याबरोबर तिला बरं वाटलं होतं, आणि तेवढ्यात बाई ते बोलल्या. बोलून आत गेल्या. त्यांना काय ठाऊक की हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, ती सात वर्षांपूर्वी अकरा वेळा ऐकून बसली आहे.

"वापराया न्हाई गं, आक्का. नुस्ती दिसाया पायजे." हे रखमाजी म्हणाला होता, तिचा धाकटा भाऊ. उंबरशेतात, ओट्यावर उकिडवा बसून, आवाज खाली आणून. धरण होणार हे तोवर पक्कं झालं होतं. नदीकाठचं सगळं भात, घरं, देऊळ, सगळं पाण्याखाली जाणार होतं आणि सरकार बदल्यात दुसरीकडे जमीन देणार होतं. कुणाला द्यायची ते ठरवायला मोजणीदार यायचे होते. नियम असा आला होता म्हणे, की घरातला पोरगा सज्ञान असेल आणि त्याची चूल वेगळी असेल, तर त्याचं कुटुंब वेगळं धरायचं. त्याला घराला निराळी जागा, निराळा जमिनीचा तुकडा. ज्यानं हा नियम केला तो शहाणाच असणार, कारण चूल हे काही चावडीतल्या कागदासारखं नाही, ती दिसते, हात लावून बघता येते. पण त्याला एक ठाऊक नव्हतं. चूल घालायला चांगल्या हाताला अर्धा दिवस पुरतो. आणि तसा हात उंबरशेतात एकच होता.

आठ दिवसांत तिनं अकरा चुली घातल्या. चिकणमाती, शेण, भाताचं तूस, भिजवायचं, तुडवायचं, रात्रभर मुरू द्यायचं. मग पाया, मग दोन बाजू, भांडं टेकायला तीन उंचवटे, मागं दुसऱ्या भांड्याचा वैल. ज्याच्या घरात मिसरूड फुटलेलं पोरगं, त्याच्या घरात एक चूल. काहींना अजून फुटायचं होतं. रखमाजीचा गोरख पंधरा वर्षांचा होता; तो कागदावर अठराचा झाला आणि त्याच्या नावानं पडवीत चूल बसली. गावातले बापये, जे एरवी तिच्या अंगावरून जाताना दुसरीकडे बघायचे, ते दारात येऊन "कस्तुराक्का, उंद्या आमच्याकडं यायचं बरं का" म्हणायला लागले. टाकून दिलेल्या बाईला असा मान आठ दिवस का होईना मिळाला आणि ती भुलली. आज पेरूच्या झाडाखाली बसून तिला त्या भुलण्याचीच जास्त चीड आली. चुलींना काजळ चोळून त्या जुन्या दाखवायच्या ही युक्तीही तिचीच. कुणी सांगितलं नव्हतं. कामात मन लागलं की माणूस ते चांगलंच करतं, आणि तिनं खोटं कामसुद्धा जीव ओतून केलं.

तिनं चिखल पुन्हा मळायला घेतला. ही माती बंगल्यातली नव्हती. लोणावळ्याचा तांबडा मुरूम भुसभुशीत, त्याची चूल उभी राहत नाही. म्हणून चार दिवसांपूर्वी ती एसटीनं, मग पायी, धरणावर जाऊन आली होती. दोन वर्षं पाऊस नव्हता. पाणी पार तळाला गेलेलं, आणि तळातून उंबरशेत वर आलं होतं. माणसांनी जाताना कौलं, वासे, दारं नेली होती, भिंती पाण्यानं नेल्या होत्या. उरली होती ती जोती, आणि भेगाळलेल्या गाळात वडाचं खोड. तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. ती घराघराच्या जोत्यावर चढून नुसती बघत फिरली, आणि काय बघतोय हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं. ती चुली शोधत होती. अकरातली एक नव्हती. साधा उंचवटासुद्धा नव्हता. कच्च्या मातीची चूल, जाळ न लागलेली, पाण्यात चार दिवस काढत नाही. विरघळते आणि गाळ होऊन जाते. मग ती आपल्या घराच्या मागच्या बाजूला गेली, जिथं गोठ्याला लागून एक खोपी होती. तिथं गाळात तांबडं काही दिसलं. तिनं हातानं उकरलं. तिची चूल होती. एक बाजू ढासळलेली, पण दुसरी बाजू आणि वैलाचा अर्धा गोल शाबूत, भाजून विटेसारखा लाल, आतून काळा. चौदा वर्षं रोज दोन वेळा तिच्यात जाळ झाला होता. मातीबरोबर तो तुकडाही तिनं फडक्यात बांधून आणला.

चौदा वर्षं, आणि त्याआधीची आठ. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ती माहेरी आली ती एक ट्रंक घेऊन. बाप, केरबा, तेव्हा होता. तो गेला आणि रखमाजी देहूरोडला लष्करी डेपोत कामाला लागला. आठवड्याला घरी यायचा, धुतलेले कपडे घालून. शेत कुणी केलं? नांगराला बैल कुणी जुंपले? बाईमाणसानं नांगराला हात लावू नये म्हणून गाव कुजबुजलं, आणि मग पेरणीची घाई आली तशी कुजबूज थांबली. चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी. रखमाजी विषमज्वरानं सहा महिने पडला तेव्हा त्याच्या तोंडात पेज घालून ती शेतावर जायची. मग त्याचं लग्न झालं, धोंडाबाई आली, पोरं झाली, आणि एक दिवस धोंडाबाईनं ताटातली भाकरी मोजून म्हटलं, "वन्सं, माझ्या पोरांस्नी कमी पडतंय." कस्तुराबाई भांडली नाही. गोठ्यालगत खोपीत चूल घातली आणि वेगळी रांधायला लागली. भाऊ ते बघत होता. त्यानं एवढंच म्हटलं, "बाहेर बोलू नगं. लोक म्हनतील भावानं भैनीला येगळं काढलं." तेव्हापासून गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं.

फाटकाची कडी वाजली. माळ्यानं हाक मारली, "बाई, तुमचा भाऊ आलाय म्हणं." रखमाजी आत आला, गुलमोहराखाली टोपी काढून उभा राहिला. बंगला बघून तो थोडा बुजला होता. तीन वर्षांत तो लोणावळ्याला दोनदा आला होता, दोन्ही वेळा काहीतरी काम होतं.

"आक्का, चिक्कीवाल्यानं सांगितलं तू हितं हाईस." मग चुलीकडे बघून हसला. "सोडलं न्हाई व्हय अजून?"

"बोल," ती म्हणाली.

"उंद्या साहेब येनार हाये. पुनर्वसनाचा. नव्या गावठानात." त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कुनीतरी अर्ज केलाय. म्हनं उंबरशेतातल्या अकरा चुली खोट्या हुत्या. मोजनीच्या आदल्या आठवड्यात घातल्या. ताबा काढून घेतील आक्का, पोरांचा. गोरख्यानं हीर खोदाय घेतलीया. आत्ता कुटं पानी लागलंय."

"मग?"

"तू ये. चुली तुज्या हातच्या. तू सांगितलं की जुन्या हुत्या, तर साहेब मानंल. बाईमानूस खोटं बोलत न्हाई असं वाटतं त्यांना."

तिनं हात पाण्याच्या बादलीत घातले. माती सुटून तळाला गेली. "आन् माजं?" ती म्हणाली.

"तुजं काय?"

"माजं नाव. कुटं हाये त्या कागदात?"

"हायेच की आमच्यात. आगं, आमचं ते तुजंच न्हवं?" त्यानं हे अगदी मनापासून म्हटलं. हेच तर होतं. रखमाजी लबाड असता तर तिला सोपं गेलं असतं. नव्या गावठाणात चार खोल्या झाल्या, एक त्याची, दोन पोरांच्या, एक धान्याची, आणि तिनं तिथं पंधरा दिवस धान्याच्या खोलीत काढून लोणावळ्याची वाट धरली, तेव्हाही त्यानं स्टेशनवर येऊन डोळे पुसले होते.

"येते," ती म्हणाली. त्याचा जीव भांड्यात पडलेला तिला दिसला. तो गेला. बाई बाहेर येऊन विचारू लागल्या, किती वेळ लागेल, संध्याकाळपर्यंत होईल का, वरून गेरूची नक्षी काढता येईल का. कस्तुराबाईनं अर्धवट उभ्या चुलीकडे पाहिलं. एक बाजू झाली होती, दुसरी निम्मी. हात चांगलाच होता अजून.

"बाई, वापरायची नसंल तर मी न्हाई घालत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजी न्हाई घालत. लय घातल्या तसल्या." उरलेला गोळा तिनं गोणपाटात बांधला. बाई रागावल्या, मग समजुतीनं बोलल्या, मग पुन्हा रागावल्या. माळी तोंडावर हात ठेवून उभा होता. माती माझी आहे, मी आणलेली आहे, एवढंच तिनं सांगितलं आणि गोणपाट डोक्यावर घेऊन ती उतारानं बाजाराकडे निघाली. रस्त्यात चिक्कीच्या दुकानांपुढं मोटारी लागलेल्या होत्या, माणसं बोटं चाटत चव बघत होती. तिला उगाच प्रत्येकाला विचारावंसं वाटलं, तुमच्या घरात चूल कुणाची हो?

पण सगळा राग त्या माणसांवर काढून कसं चालेल. एक गोष्ट ती कुणालाच सांगू शकत नव्हती. मोजणीच्या दिवशी सकाळी रखमाजी खोपीत आला होता. म्हणाला, आक्का, ही चूल साहेबाला दिसली तर इचारंल, ही कुनाची. तुजी म्हनावं तर बापया न्हाई, कुटुंब धरायचं न्हाईत. आन् खोदून इचारलं तर बाकीच्या चुली बी उघड्या पडतील. तेव्हा काय करू या? आणि तिनंच, तिनं स्वतः, कोपऱ्यातला आंघोळीचा हंडा उचलून चुलीवर ठेवला. भाकरीचा तवा पेंढ्यात लपवला. मोजणीदार खोपीत डोकावले. सगळ्या गावात तीच एक चूल होती जिच्यात त्या दिवशी पहाटे भाकरी भाजली होती, राख अजून गरम होती. "ही?" त्यांनी विचारलं. "ही पानी तापवायची, साहेब. आंगुळीचं," रखमाजी म्हणाला. मोजणीदारानं तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर पुढं ओढून मान हलवली. त्यानं वहीत काही लिहिलं नाही. पाणी तापवायच्या चुलीला वहीत रकाना नव्हता.

ती मान का हलली हे ती सात वर्षं स्वतःला विचारत आली होती. भावाची अब्रू म्हणून. गोरख्याला तिनं अंगाखांद्यावर वाढवला म्हणून. चारचौघांत बाईनं 'माझं' म्हणायचं नसतं, हे कुणी न शिकवता येतं म्हणून. कारणं पुष्कळ होती आणि एकेक खरंही होतं. पण त्या रात्री भट्टीमागच्या खोलीत, गुळाच्या वासात, फडक्यातला तो लाल तुकडा मांडीवर घेऊन बसल्यावर तिला स्पष्ट कळलं की तिला कुणी जबरदस्ती केली नव्हती. नुसतं विचारलं होतं. आणि तिला त्याचाच सगळ्यांत जास्त संताप आला.

सकाळच्या गाडीनं ती देहूरोडला उतरली. डेपोच्या तारेच्या कुंपणाच्या कडेकडेनं मैलभर चालल्यावर नवं गावठाण. सरळ रेषेत आखलेले प्लॉट, मुरमाड जमीन, झाड नाही. मधोमध एक मोकळा चौकोन, त्यात पाटी: शाळेसाठी राखीव. शाळा तीन वर्षांत उगवली नव्हती. चौकोनाच्या कडेला कुणाच्या तरी घरातलं टेबल, खुर्ची, टेबलावर धुतलेली चादर. अकरा घरांतले बापये ओळीनं बसलेले. बायका लांब, भिंतीच्या सावलीला. डोक्यावर गोणपाट आणि काखेत फडकं घेऊन ती आली तशी रखमाजी लगबगीनं उठला. "हे काय आनलं?" "माती," ती म्हणाली. त्यानं पुढं विचारलं नाही.

साहेब तरुण होता, सभ्य होता. तिला बसायला सांगितलं. कारकुनानं वही उघडून वाचायला सुरुवात केली. रखमाजी केरबा, कुटुंबप्रमुख. पत्नी धोंडाबाई. बहीण कस्तुरा, आश्रित. गोरख रखमाजी, कुटुंबप्रमुख...

"थांबा," ती म्हणाली. "काय म्हनला?"

"गोरख रखमाजी."

"त्याच्या आदी. माज्याफुडं काय वाचलं?"

"आश्रित," कारकून म्हणाला. "म्हणजे तुम्ही यांच्यावर अवलंबून."

तिनं रखमाजीकडे पाहिलं. तो मुरमाकडे बघत होता. भिंतीच्या सावलीतून धोंडाबाई बघत होती. नांगराच्या मुठीनं हाताला फोड यायचे, फुटायचे, पुन्हा यायचे. त्या हातानं पेज भरवलेला माणूस.  डोळ्यांपुढं वहीचं पान हललं. साहेब म्हणत होता, "बाई, चुलींबद्दल तक्रार आहे. तुम्ही पाहिल्या होत्या त्या चुली?"

"पाह्यल्या? म्या घातल्या."

"कधी? मोजणीच्या किती दिवस आधी?"

अकरा बापये तिच्याकडे बघत होते. गोरखही होता त्यांच्यात, दंड भरलेले, विहिरीच्या मातीनं पाय पांढरे झालेले. तिनं फडकं सोडलं आणि तो लाल तुकडा चादरीवर ठेवला. थोडी काजळी चादरीला लागली.

"ही माजी चूल. धरनातनं आनलीया परवा. कच्ची चूल पान्यात ऱ्हात न्हाई, साहेब, इरगळती. हिच्यावर चौदा वरसं जाळ झाला म्हनून ऱ्हायली. पानी खाली गेलंय. जावा, बघून या कुनाकुनाची ऱ्हायलीया."

 साहेब हुशार होता. त्यानं तुकडा हातात घेतला, नखानं खरवडला, ओळीवरून नजर फिरवली. "म्हणजे बाकीच्या अकरा..."

"त्यांचं मला इचारू नगा. त्यांना बोलाया त्यांची मानसं हायती. माजं कोन न्हाई, म्हनून माजं मी बोलते. गावात येकली येगळी रांधत हुते ती मी. मला जागा द्या."

साहेबानं वही ओढून घेतली. पानं मागंपुढं केली. "तुमचं लग्न झालेलं आहे?"

"झालतं."

"नवरा?"

"हाये चाकनकडं. दुसरी केलीया. पंचवीस वरसं झाली."

"पण जिवंत आहे." साहेबाला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "मग बाई, नियमानं तुम्ही त्याच्या कुटुंबात. ते गाव धरणात गेलेलं नाही. सज्ञान मुलगा असता, किंवा तुम्ही विधवा असता, तर काहीतरी पाहता आलं असतं."

"मग त्याला मारा की," कस्तुराबाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिनं तो चढू दिला. "कागदावरच मारा. हितं पंधरा वरसांच्या पोराला अठराचा केला तवा कागद फाटला न्हाई. माजा नवरा मेल्यानं फाटतुया व्हय?"

बोलून गेल्यावर तिनं गोरखकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. लहानपणी ताप आला की असाच व्हायचा. तरी शब्द परत घ्यावासा तिला वाटला नाही. साहेबानं पेन उघडलं. तिला वाटलं, आता गेलं सगळं, माझ्या तोंडानं गेलं, अकरा घरं. तिला वाटलं, आता तरी हे माझ्याकडे बघतील, शिव्या देतील, धावून येतील. साहेबानं घड्याळ पाहिलं. तो काय विचार करत होता हे तिला दिसत होतं: सात वर्षांपूर्वीची मोजणी, पाण्याखालचं गाव, अकरा घरं उठवायची, त्यांना कुठं न्यायचं, पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी. आणि एका बाजूला एक बाई, जिचं नाव कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. त्यानं लिहिलं आणि कारकुनाला वाचायला लावलं: जबाब घेतले, तक्रारीत तथ्य आढळले नाही, ताबा कायम.

ओळीत सुस्कारा फिरला. कुणीतरी हसलं. चहाचे कप आले. सगळ्यांत वाईट काय झालं असेल तर ते हे: कुणी तिच्यावर रागावलं नाही. एकानं कप तिच्याही पुढं केला, "घ्या आक्का, उन्हातनं आला." ती खरं बोलली होती, भर बैठकीत, पुरावा टेबलावर ठेवून, आणि तिच्या खऱ्याला कुणी राग येण्याइतकीही किंमत दिली नव्हती. कारकुनानं तुकडा दोन बोटांनी उचलून खाली ठेवला, चादर झटकली. जीप गेली.

तिनं चहाला हात लावला नाही. तुकडा उचलला, गोणपाट उचललं आणि मोकळ्या चौकोनात, पाटीच्या पुढ्यात, ऊन बघून जागा धरली. मुरूम हातानं साफ केला. धोंडाबाईच्या दारातून न विचारता घागर आणि तवा आणला. धरणातली माती पुन्हा भिजवली, तुडवली. लाल तुकडा उजव्या अंगाला उभा केला, आणि त्याला धरून ओल्या मातीची दुसरी बाजू चढवत आणली, वैल जुळवला, उंचवटे बसवले. पोरं जमली, बायका लांबून बघत राहिल्या. एकदोन बापये येऊन म्हणाले, आक्का, ही शाळेची जागा. ती म्हणाली, शाळा आली की बघू. काजळ तिनं चोळलं नाही. ओल्या चुलीत जाळ करू नये हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, पण दिवस मावळायच्या आत तिनं चार काटक्या घालून पेटवली. डाव्या अंगाला बारीक तडा गेला. उद्या लिंपता येईल, तिनं मनात म्हटलं, आणि लोणावळ्याहून कनवटीला बांधून आणलेली पिठाची पुरचुंडी सोडली.

रखमाजी आला. घरातून बघून बघून शेवटी आला असावा. इकडेतिकडे पाहत तिच्यासमोर उकिडवा बसला, आवाज खाली आणला, अगदी त्या दिवशीसारखाच. "आक्का, आसं काय करती? आत चल, जेव. भावाचं घर हितं आसताना भैन रस्त्यावर रांधती, लोक काय म्हनतील? कुनी इचारलं तर म्या काय सांगू?"

तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. भाकरी टम्म फुगली तशी ती खाली उतरवली.

"सांग," ती म्हणाली, "आंगुळीचं पानी तापवाय घातलीया."